स्टँडवर न थांबलेला पाऊस

रेवा आणि चिनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर नानांनी, म्हणजे तुमच्या आईच्या वडिलांनी, "फोन खिडकीकडं धर बरं, अन् ढग कसा दिसते ते सांग," असं म्हटलं आणि तुम्ही दोघं खुदुखुदु हसलात. हसायला हरकत नाही. आम्ही सगळे कित्येक वर्षं हसतो आहोत. पण आपण नेमकं कशाला हसतो हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून मी, तुमच्या बाबांची आई, लिहिते.

कळंबच्या या माणसाने आभाळाला विचारल्याशिवाय आयुष्यात एकही काम केलेलं नाही. नोकरी बसस्थानकावर, कर्ण्यावरून गाड्या पुकारण्याची. गाडी पुकारून झाली की त्याच दमात ते हवामान पुकारत. "यवतमाळ गाडी दोन नंबरवर लागली आहे. छत्री विसरली असन तर घरून घेऊन या, गाडी थांबते." गाडी थांबायचीही, कारण निम्मे उतारू खरोखर छत्री आणायला गेलेले असत.

भूगोल मी इंग्रजीतून शिकले, त्यामुळे माझ्याकडे ढगांची लॅटिन नावं होती आणि त्यांच्याकडे स्वतःची. उंचावर विस्कटलेले पांढरे तंतू दिसले की तो 'पिंजलेला कापूस', दोन-तीन दिवसांत हवा पालटणार. सपाट बुडाचे सुटे पुंजके म्हणजे 'गाठोडी'. ती बिचारी निरुपद्रवी, पण फुलगोबीसारखी वर चढू लागली तर वाळवण आत घ्यायचं. गोबीचा माथा पसरून सपाट झाला की 'ऐरण', मग विजा आणि गारा. आभाळभर सारखी राखाडी 'घोंगडी' पसरली तर झड, कपडे वाळायची आशा सोडा. हे सगळं माझ्या पुस्तकातही असंच होतं. घोटाळा व्हायचा तो पाऊस नेमका कुठे पडणार हे सांगताना. अंदाज चुकला की नाना जराही ओशाळत नसत. म्हणत, "पाऊस सुटला होता जी, आपल्या स्टँडवर थांबला नाही. सरळ राळेगावले गेला."

तुमच्या आईबाबांच्या लग्नाचंच घ्या. मी कार्यक्रमाचं वेळापत्रक छापून घेतलं होतं. सकाळी मांडवात पोचते तो पानं वाढलेली आणि आचारी बुंदीची परात घेऊन धावतोय.

"व्याहीबुवा, अक्षतांच्या आधी पंगत?"

"इहिनबाई, तिकडं पाहा. गोबी चढून राह्यली. भिजलेली बुंदी खाऊ घालू का पाहुण्यायले?"

त्या दिवशी कळंबला एक थेंब पडला नाही. आमच्याकडचे पाहुणे भरल्या पोटी पेंगत पेंगत अक्षता टाकत होते. तुमच्या बाबांच्या काकांच्या अक्षता तर खुर्चीवरच पडल्या. संध्याकाळी राळेगावला गारा पडल्याचं कळलं तेव्हा नाना इतके खूश झाले, की मुलीला निरोप देतानाही मधूनच हसत होते.

मागच्या पावसाळ्यात ते डोळे दाखवायला इकडे यवतमाळला आले. दवाखान्यातून परतले आणि सरळ गच्चीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. ते मान वर करून म्हणाले, "पिंजलेला कापूस हाये. परवा येते पाऊस."

वर आभाळ स्वच्छ निळं होतं. चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी सवय. या वेळी ती आवरली. मग हळूच म्हटलं, "मला नाही दिसत तो."

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग काय हाये?"

"डोक्यावर काहीच नाही. निळं आहे."

"वणीकडं पाहा. कडेले."

"झाडांच्या वर पुंजके आहेत थोडे."

"बूड सपाट का गोल?"

"सपाट."

"गाठोडी. राहू द्या पडून." मग कप पुन्हा उचलून म्हणाले, "डॉक्टर म्हणते, पडदा खराब झाला, ऑपरेशनचा उपेग नाही. माणसं तं आवाजानं वळखता येते, इहिनबाई. ढग बोलत नाही ना जी."

"मी सांगत जाईन," मी म्हटलं. "रोज, चहाच्या वेळी."

"लॅटिन नका सांगू."

"बरं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कळंबहून फोन येतो आणि मी गच्चीत जाते. तुमची खिडकी हा त्यांच्या स्टँडला नव्याने जोडलेला फलाट आहे. तेव्हा नुसतं 'क्लाउडी' म्हणून सुटू नका. बूड सपाट की गोल, माथा चढतोय की पसरतोय, ते नीट बघून सांगा. नाना घाई करणार नाहीत.

काल मी घोंगडी सांगितली. त्यांनी झड पुकारली. मी कपडे आत घेतले, आणि आज सकाळपासून लख्ख ऊन आहे. फोन आलाच. "सुटला होता जी."

नानांना आता माझा चेहरा दिसत नाही, फोनवर तुमचाही दिसत नाही. पाऊस ते अजून पुकारतात.