टाचेला हात लागताच

फोन आला तेव्हा मी खासबागच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. पुतण्या म्हणाला, "काकू, लवकर ये. आई उठंना झालीया." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पडल्या काय रं?" "न्हाय. जेवून झोपली, ती झोपलीच..." आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, गेल्या. आणि खोटं कशाला सांगू, रडू फुटायच्या आधी मला हायसं वाटलं.

त्याला कारण आमच्या सासूबाई. न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि खाटेवर पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. आमच्या वडगावातले विणकरांचे माग दिवसभर खडखडत, आणि त्या छताकडे बघत त्या तालावर बोटं हलवत. त्यांचं सगळं आम्ही दोघींनी केलं. आक्का म्हणायच्या, "मरणाचं भ्या न्हाय गं मला. खाटंचं हाय."

म्हणून गल्लीतल्या शिबिरात पाळी गेलेल्या बायकांची हाडं तपासणार असं कळताच आक्का टाचा दगडानं घासून, घरच्या मागावरची नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. यंत्र केवढंसं! त्यात पाय ठेवायचा, टाचेला गार जेल लावायचं, आणि आपल्याला ऐकू न येणारा आवाज हाडातून आरपार जातो. तपासणारी पोर वाकली, तिनं टाचेला हात लावला मात्र... आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हा, बाळ."

"आजी, मी जेल लावालोय," पोर गोंधळून म्हणाली.

"लाव की. पायाला हात लागला न्हवं? मग आशीर्वाद नको व्हय?"

मग रांगेतली एकेक बाई तेच करत गेली. त्या दिवशी त्या पोरीला मिळाले तेवढे आशीर्वाद नव्या नवरीलाही मिळत नसतील.

निकाल काही बरा नव्हता. हाडं विरळ झालीत, मोठ्या दवाखान्यात पक्की तपासणी करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आक्का जन्मभर कापड विणलेल्या. "विरलेलं लुगडं जपून नेसायचं असतंय," म्हणाल्या, आणि तशाच वागल्या. तपासणी, गोळ्या, कोवळं ऊन, नाचणीची आंबील, न्हाणीत धरायला दांडी. "तू बी जाऊन ये गं," म्हणून माझ्या मागं लागायच्या. मी हसण्यावारी न्यायची. दुपारी माग थांबले की त्या अंगणात फेऱ्या घालत. अर्धवट झोपेत मला त्यांची पावलं ऐकू येत... जवळ येत, दूर जात, पुन्हा जवळ. ती ऐकतच माझा डोळा लागे.

शेवटच्या दुपारीही फेऱ्या घालूनच त्या चटईवर आडव्या झाल्या. खाटेला काही त्यांनी दाद दिली नाही.

परवा गल्लीत पुन्हा तीच तपासणी होती. आता मागं लागणारं कुणी उरलं नाही, म्हणून आपणच गेले. पोर नवी होती. यंत्रात पाय ठेवला, डोळे मिटले. जेल गार लागलं. तो आवाज माझ्या हाडातून जात असेल तेव्हा मला मात्र अंगणातली पावलं ऐकू येत होती... जवळ, दूर, पुन्हा जवळ.

"काकू, झालं," पोर हळूच म्हणाली. "हात काढता काय आता?"

डोळे उघडून बघते तर माझा हात तिच्या डोक्यावर होता.