बिनघंटीच्या सायकली

मोठ्या इस्पितळाच्या फाटकाला लागून पत्र्याचं एक लांबलचक छप्पर होतं. खाली सायकलींच्या रांगा, आणि तोंडाशी लाकडी स्टुलावर बसलेल्या काकू. सायकल आत लावायची, हँडलला एक पत्र्याचा बिल्ला अडकवायचा, त्याच्या जोडीचा मालकाच्या हातात द्यायचा. बिल्ला दाखवल्याशिवाय काकू सख्ख्या भावालाही सायकल देणार नाहीत, असं वॉर्डबॉय म्हणायचे. त्यांनीच त्यांचं नाव ‘फौजदारीण’ पाडलं होतं. काकूंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

खरं तर स्टँड त्यांच्या नवऱ्याचा. उभं आयुष्य काकांनी तिथे काढलं. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि ज्या इस्पितळाच्या दारात बसायचे त्याच्याच खाटेवर जाऊन पडले. स्टँड बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून काकू ‘चार दिवस’ म्हणून स्टुलावर बसल्या. काका घरी आले, काठी घेऊन चालायला लागले, हळूहळू काठीही सुटली. उजवा हात मात्र तेवढा राहिला. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, म्हणायचे. रोज सकाळी काकू ती लावून द्यायच्या आणि कामावर यायच्या.

काकूंनी स्टँडचा कायापालट केला. चुन्याच्या रेघा मारून रांगा आखल्या, नर्सबाईंच्या सायकली वेगळ्या, पेशंटच्या नातेवाइकांच्या वेगळ्या. “काकांच्या वेळी सायकल शोधताना घाम फुटायचा,” एक सिस्टर एकदा काकांच्याच देखत म्हणाली. काका हसले होते. दुपारी ते काकूंचा डबा घेऊन यायचे आणि काकू मागच्या बाजूला जेवत असताना तेवढा वेळ स्टुलावर बसायचे.

आणि मग चोऱ्या सुरू झाल्या.

आधी एक घंटी गेली. घंटीला कोण विचारतं? पडली असेल कुठेतरी, असं म्हणून काकूंनी सोडून दिलं. मग एका सायकलचा पुढचा दिवा गेला. मग हवेचा पंप. आणि एक दिवस इस्पितळातला कंपाउंडर ड्यूटी संपवून आला, टांग टाकून बसायला गेला आणि बोंबलत उठला. सीटच नव्हती! नुसता लोखंडी दांडा.

“फौजदारीणबाई, हे काय चाललंय?” तो ओरडला. “का कुंपणच शेत खातंय?”

ते वाक्य काकूंच्या काळजात रुतलं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरावर असं बोट कुणी ठेवलं नव्हतं. घरी गेल्यावर त्या काकांपुढे बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही असता तर काय केलं असतं?”

काका सावरून बसले. “मी? मी आधी मागची बाजू बघितली असती. तिथली भिंत ठेंगणी आहे. आणि वॉर्डबॉय लोकांवर नजर ठेव. त्यातला तो मिशीवाला मला कधीच सरळ वाटला नाही.”

मग रोज संध्याकाळी हेच. काय गेलं, कुठल्या रांगेतून गेलं, कोण आलं, कोण गेलं. काका खोदून खोदून विचारायचे आणि काकू सगळं सांगायच्या. दुखण्यानंतर माणूस इतका बोलता झाला, याचं त्यांना त्या गोंधळातही बरं वाटायचं.

पण संशय वाईट. एकदा डोक्यात शिरला की घर करून राहतो. मिशीवाला वॉर्डबॉय खाली वाकला की काकूंना वाटायचं, बुटाची नाडी बांधतोय की पाना काढतोय? पिशवी घेऊन जाणारी प्रत्येक बाई त्यांना जड पावलांची दिसायला लागली. कुणी गोड बोललं तर का बोललं, आणि कुणी बोललं नाही तर का नाही! जेवताना त्या मान वळवून वळवून मागची ठेंगणी भिंत न्याहाळायच्या. शेवटी त्यांनी लेकीची लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि सगळ्यांची नजर चुकवून सायकलींच्या घंट्यांना, दिव्यांना, पंपांना खालच्या अंगाला एकेक टिपका लावून ठेवला.

समोरच्या फुटपाथवर पंक्चरवाला बसायचा. काकांचा जुना दोस्त. काका आजारी पडले तेव्हा खाटेजवळ रात्री यानेच काढल्या होत्या. काकूंना ऊन लागतं म्हणून पत्र्याला ताडपत्री यानेच बांधून दिली होती. सकाळचा चहा आला की अर्धा कप काकूंकडे पाठवल्याशिवाय हा स्वतः घोट घ्यायचा नाही. पण जुने सुटे भाग त्याच्याकडे नाहीत तर कुणाकडे असणार? काकूंच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी काका स्टुलावर बसल्यावर, व्हॉल्व्हची रबरी नळी हवी म्हणून त्या त्याच्या खोक्याशी गेल्या आणि तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवत असताना त्यांनी खोक्यात हात घातला. चिंध्यांखाली एक घंटी लागली. उलटी केली. लाल टिपका.

काकूंचा आवाज आधीच खणखणीत. त्या दिवशी तो इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

“भाऊ म्हणत होते मी तुम्हाला! हा चहा पाजायचा, आणि हे धंदे करायचे?”

माणसं जमली. कंपाउंडर सगळ्यांच्या पुढे.

“काकू, हळू बोला,” पंक्चरवाला एवढंच म्हणाला.

“का हळू बोलू? कुठून आली ही घंटी, सांगा सगळ्यांसमोर!”

“आली.”

“कुणी दिली?”

त्याने ओले हात फडक्याला पुसले. एकदा काकूंकडे बघितलं, एकदा समोर स्टँडकडे. तिथे काका स्टुलावर बसले होते. मग त्याने मान खाली घातली. गर्दीतून कुणीतरी त्याचं घमेलं लाथेने उलथलं. त्याने घमेलं उचललं, खोकं आवरलं, सायकलवर बांधलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी होती.

काकूंची फत्ते झाली. कंपाउंडरने माफीही मागितली. पण त्याच आठवड्यात एका सिस्टरच्या सायकलचा डायनॅमो गेला, तोही भरदुपारी.

पंक्चरवाला तर तिथे नव्हताच! काकू स्टुलावर बसून राहिल्या. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या, फक्त जेवायला तेवढ्या मागे गेल्या होत्या. आणि जेवताना स्टुलावर कोण होतं? पुढचा विचार त्यांनी मनात येऊच दिला नाही. छे, काहीतरीच! ज्या हाताला बटण लागत नाही, तो डायनॅमोचे नट काय खोलणार?

तरी दुसऱ्या दुपारी काका डबा घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, आज मी आत जाऊन जेवते. पंख्याखाली.” डबा घेऊन त्या इस्पितळात शिरल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तिथून छपराच्या कडेखालची पहिली रांग अख्खी दिसायची.

काका थोडा वेळ बसले. मग उठले. इकडेतिकडे बघितलं. एका सायकलपाशी उकिडवे बसले आणि खिशातून पाना काढला. उजव्या हाताने. ती बोटं काकूंना ओळखीची होती, लग्न झालं तेव्हाची. झरझर, नेमकी, जराही न थरथरणारी. बघता बघता दिवा सुटून त्यांच्या खिशात गेला.

 काकूंच्या मनात आधी आलं ते भलतंच. हात बरा झालाय! देवा, हात बरा झालाय यांचा. आणि मग संताप असा उसळला की डबा हातातून निसटून पायऱ्यांवरून गडगडत गेला.

स्टँडवर त्या ओरडल्या नाहीत. काकांच्या पुढे जाऊन नुसता हात पसरला. काकांनी दिवा त्यांच्या तळहातावर ठेवला.

“का?” काकूंनी विचारलं.

काकांनी पाना खिशात टाकला. मग म्हणाले, “पहिल्यांदा वाटलं, तुझं लक्ष नसतं हे तुला कळू दे. सगळे म्हणतात, काकूंनी स्टँड सुधारला. म्हटलं, बघू तरी.”

“आणि नंतर?”

“नंतर... तू विचारायला लागलीस. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’ दुखण्यातून उठल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं गं. मला नुसतं जेवायला घालायचे, न् झोपवायचे.”

“आणि त्या माणसाला सगळ्यांनी चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात!”

काकांनी खिशातला पानाही काढून दिला. सगळं सामान ते पंक्चरवाल्याकडेच नेऊन ठेवायचे, घरातलं जुनं आहे म्हणून. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. कुणी नवी घंटी मागायला आलं की तो त्या गिऱ्हाइकाला त्याचीच चोरीला गेलेली घंटी बसवून द्यायचा आणि म्हणायचा, जुनीच आहे, पैसे राहू द्या.

त्या संध्याकाळी ड्यूटी सुटायच्या वेळेला, सगळे सायकली घ्यायला जमलेले असताना, काकू स्टुलावर उभ्या राहिल्या. “पंक्चरवाल्यांना मी चोर म्हटलं. तो माझा गाढवपणा होता. चोर माझ्या घरात होता,” त्या म्हणाल्या. आवाज तेवढाच ठेवला. काका शेजारी उभे होते. मान वर करायची नाही असं ठरवून आले होते, पण कंपाउंडरने “काका, तुम्ही?” असं विचारल्यावर वर बघावंच लागलं. काही जणांनी दुसऱ्या दिवसापासून सायकली दुसरीकडे लावायला सुरुवात केली. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.

पंक्चरवाला इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी बसत होता. दोघं त्याच्याकडे गेले. त्याने काकांचं ऐकून घेतलं, मग काकूंचं.

“मला एकदा बाजूला घेऊन विचारलं असतं, भाऊ, हे काय आहे, तरी...” तो थांबला. “तरी मी सांगितलं नसतंच. पण विचारायचं होतं.”

काकूंना त्याच्याकडे बघवेना.

घरी बटणं आता काका आपली आपण लावतात. सकाळी स्टँडवर ते बसतात, दुपारनंतर काकू. चोऱ्या थांबल्या, पण काकूंची मान वळायची थांबली नाही. काका घरी जायला निघाले की त्यांची नजर आपोआप खिशांवर जाते, आणि मग त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटतं.

एक दिवस त्या पाळीला आल्या तर समोरच्या फुटपाथवर खोकं मांडलेलं, घमेलं भरलेलं. त्या रस्ता ओलांडून गेल्या.

“तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही,” ट्यूबवरची नजर न काढता पंक्चरवाला म्हणाला. “म्हणून आलो. बाकी काही नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि परत जाऊन स्टुलावर बसल्या.