सिपू माईकवाल्याचा रेडिओ

सांडोर गावच्या सिप्रियनला सगळे सिपू माईकवाला म्हणत. लग्न असो की मयत, लाउडस्पीकर त्याचाच. समोर जे चाले ते तो हौसेने कॅसेटवर उतरवून घेई. पुढे डीजे आले, धंदा बसला. कॅसेटी तेवढ्या माळ्यावर राहिल्या.

गेल्या वर्षी त्याची बायको सालोमी गेली. फोटो भिंतभर होते, आवाज कुठेच नव्हता. सिपूने सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. पण बायकांच्या घोळक्यातून एक गळा ओळखायचा कसा? उभा जन्म स्पीकरशेजारी काढल्यावर कान शाबूत थोडेच राहतात!

म्हणून त्याने हा रेडिओ बनवला. जुन्या लाकडी खोक्यात त्या सगळ्या आवाजांचं एक छोटं कॉम्प्युटर-कार्ड बसवलं. नॉब फिरवला की कुठलंसं निनावी केंद्र लागे. कुणी लग्नघरी गातंय, कुणी मयताला रोझरीची प्रार्थना म्हणतंय, कुणी पंगतीत भांडतंय. आवाज ओळखला तर लाल बटण दाबून नाव सांगायचं. रेडिओ ते लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी आधी नाव ऐकवी.

चर्चच्या सणाला त्याने तो हॉलमध्ये मांडला. ही गर्दी लोटली.

"अगो, ही तर आमची आजी! मेली तरी शिव्या देते बघ."

"सिपू, अर्धं कबरस्तान कोंबलंयस रे खोक्यात!"

लोक हसत, डोळे पुसत, नावं सांगत. सिपू प्रत्येक नावाला पुढे वाकून कान देई आणि पुन्हा मागे सरके.

शेवटी सालोमीची धाकटी बहीण ॲनी आली. त्याने तिला स्वतःचं स्टूल दिलं.

"ही एमिली," ॲनी एक गाणं ऐकत म्हणाली. "ही ग्लोरिया."

"आणि मागे? मागे कोण गातंय?"

"मागे कुणी नाही, भावोजी. तुम्ही तिला दर लग्नात वायरीपाशी बसवायचात. कुणाचा पाय अडकू नये म्हणून."

"एकदा तरी गायली असेल."

"गायची ना. आमच्याकडे आली की, भांडी घासताना."

तिने नॉब पुढे सरकवला. माईकवर टकटक झाली आणि तरण्या सिपूचा खणखणीत आवाज हॉलभर घुमला, "गप गं! रेकॉर्डिंग चालू आहे!"

ॲनीचा हात थांबला. तिने तेच पुन्हा लावलं.

"ऐकलंत?"

"माझाच आवाज आहे."

"त्याच्या आधी. 'अहो' म्हणाली ती."

सिपूने खोक्याला कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. ॲनीने मात्र होकाराची मान हलवली, म्हणून त्याने बटण दाबलं आणि नाव सांगितलं.

मागच्या रांगेतल्या भूपेश नावाच्या पोराने लगेच पुढे येऊन नॉब फिरवून पाहिला. रेडिओ बोलला, "सालोमी." मग, "अहो." मग, "गप गं! रेकॉर्डिंग चालू आहे!"

सगळा हॉल खो खो हसला.

"वा रे सिपू, संसार कसा केलास ते कळलं! लाव की पुन्हा!"

सिपूने पुन्हा लावलं. लोक मागत राहिले, तो लावत राहिला. त्या एका शब्दाशिवाय तिचं दुसरं काहीच त्याच्यापाशी नव्हतं, आणि तोही त्याला इतरांच्याच कानांनी ऐकावा लागत होता.