पदकाची कड

प्रजासत्ताक दिनाला शाळेत तुमचा सत्कार आहे, हे सांगायला शेवंताकाकूंकडे गेलो होतो. काकू देवघरापुढे बसून चांदीची भांडी रांगोळीने घासत होत्या. निरांजन, अत्तरदाणी आणि त्यांतच मुलाचं शौर्यपदक. तो सीमेवर पडला, त्यानंतर आलेलं.

“दर शुक्रवारी घासते. लहानपणी असाच मळून यायचा तो,” त्या म्हणाल्या.

मी पदक हातात घेतलं. आरशासारखं लखलखत होतं. पदकाच्या कडेवर जवानाचं नाव कोरलेलं असतं, म्हणून कड फिरवून पाहिली. नाव झिजून गेलं होतं. शेवटची दोन अक्षरं तेवढी उरली होती, खाचांत काळं साचलं होतं म्हणून दिसणारी.

आमचं बरं असतं. वर्षातून एकदा शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या की आम्ही मोकळे. उरलेलं वर्षभर ही बाई एकटी त्याला घासूनपुसून ठेवते.

काकूंना वाचता येत नाही. माझ्या हातातून पदक घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ धरलं.

“एवढं काळं राहिलंच बघा, मास्तर,” म्हणत त्यांनी रांगोळीची आणखी एक चिमूट घेतली.