गुळाचा डबा

माझ्या नवऱ्याचं लकडगंजात फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. लाकूड घासायची मशीन आल्यापासून काम झपाट्यानं होतं आणि बारीक धूळही तशीच उडते. ती पिठासारखी केसांत, भुवयांत, टिफिनच्या झाकणावर बसते. यावर आमच्या घरचा इलाज एकच, गूळ. सासरे सुतारकाम करायचे तेव्हापासून वर्कशॉपात गुळाचा डबा आहे. घासून झालं की एक खडा तोंडात टाकायचा, म्हणजे गळ्यातलं सगळं खाली उतरतं म्हणे. तोंडाला बांधायला उन्हाळ्यातला दुपट्टा होताच.

या हिवाळ्यात त्याचा खोकला काही केल्या जाईना. घरचा जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि मोबाइल पाहतोय असं दाखवायचा. मी काही एवढी भोळी नाही. ओढतच डॉक्टरांकडे नेलं. नळीत फुंकायला लावून ते म्हणाले, श्वास कमी झालाय, गेलेला परत येईलच असं नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दुपट्ट्यानं ती अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा, मशीनला धूळ ओढून घेणारी नळी जोडा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

त्यानं निमूटपणे सगळं आणलं. मला केवढं हायसं वाटलं.

परवा दुपारी टिफिन द्यायला गेले. मशीन नुकतीच बंद झाली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ अजून तरंगत होती आणि हा मास्क हनुवटीखाली ओढून गूळ चघळत उभा. माझं डोकंच फिरलं.

"काहून चिडून राहिली वं? मशीन बंद करूनच काढला ना मास्क," तो म्हणाला.

मी उन्हाकडे बोट केलं. "मशीन बंद झाली. हे कुठं बंद झालं?"

त्यानं उन्हात तरंगणाऱ्या धुळीकडे पाहिलं. मग मास्क वर चढवला आणि गुळाचा डबा माझ्या पिशवीत टाकला.

आता डबा घरी असतो. कामाचे कपडे बाहेर काढून, आंघोळ करून तो खडा मागतो. त्याच्या वडिलांपासूनची सवय, मलाही मोडवत नाही.

"गळा मोकळा झाला पाह्य," असं म्हणून तो वर जातो. मी गॅस बंद करून जिन्यावरची पावलं ऐकते. ती मध्येच थांबतात. हल्ली तो मोबाइलही काढत नाही.