खोका सीडी रायटरचा, आत भलतंच

मंडळी, आज जळगावात भरदिवसा फसले, आणि तेही वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या दुकानात.

आईने गायलेल्या अहिराणी लग्नगीतांची आमच्याकडे एकच सीडी उरली आहे, तीही चरे पडलेली. धुळ्याची माझी धाकटी बहीण डोळ्यांनी अधू. तिला मोबाइल जमत नाही, सीडी प्लेअर तेवढा जमतो. तिच्यासाठी वेळीच प्रत काढावी म्हणून घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा सीडी रायटर घ्यायला गेले.

प्रत काढायची आहे असं सांगून, तिथे दोन कंपन्यांचे खोके वाचून एक निवडला. "जरा उघडून, चालवून दाखवा," म्हटलं, तर शेठ दुखावले. "अक्का, आपल्यात असं असतं का?" मीच ओशाळले.

घरी आईची सीडी छान वाजली, पण कोऱ्या सीडीवर काही उतरेना. चष्मा लावून ड्राइव्ह उलटा केला, खालची पट्टी वाचली. खोका रायटरचा होता, पण आतला ड्राइव्ह नुसती सीडी वाजवणारा.

तशीच परत गेले. शेठ गोड हसले. "रायटर आता येतात कुठे, अक्का? म्हटलं, या वयात तुम्हाला फक्त ऐकायचीच असेल."

"प्रत काढायची आहे, हे मी मराठीतच सांगितलं होतं," मी म्हटलं. "अनोळखी गिऱ्हाइकाला तुम्ही खोका उघडून दाखवता. यापुढे मलाही अनोळखीच समजा."

बहीण संध्याकाळपासून फोन करून विचारते आहे, झाली का सीडी. धुळे-जळगावात खरा रायटर कुठे मिळतो, कुणी सांगाल का? दुकानदार ओळखीचा नसला तर उत्तम.