नलूताईंचं डागलेलं काळीज

मोताळ्याच्या आमच्या कचेरीत नलूताई वाचल्याशिवाय एकही कागद पुढे सरकू देत नसत. साहेब घाईत असोत की अर्जदार ताटकळलेले, त्या चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून सुरुवात करत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "न वाचता सही करनं म्हंजे डोये मिटून हिरीत पाय टाकनं." मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते आणि राहायलाही त्यांच्या शेजारच्याच खोलीत. दोघी एकट्याच.

गेल्या वर्षी कचेरीचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. नाडी धरली की कधी धावे, कधी मधेच चुके. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे. त्यामुळे वरचा कप्पा फुगून नुसता थरथरतोय. त्यात रक्ताची गाठ झाली तर ती मेंदूत जाऊ शकते. ताईंच्या आईला झटका येऊन अर्धं अंग आणि वाचा गेली होती. परतताना ताई एवढंच म्हणाल्या, "मराले नाई भेत मी. पडून राहाले भेते."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीचा कागद आला. तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, इथं सही करा."

"आजी नोका म्हनू, मी अजून नोकरीत हाय. आंदी सांगा, काय करून राह्यले तुमी?"

डॉक्टर हसून स्टुलावर बसले. झडप बदलतानाच वरच्या कप्प्यात ठिकठिकाणी डाग द्यायचे. त्या व्रणांमुळे भलते ठोके अडतात. तिथं कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, गाठी बहुधा तिच्यातच होतात; तीही बंद करायची.

"मांडीतून तार घालून नाई होत काय हे?"

"डाग तसेही देता येतात. पण तुमच्या झडपेसाठी छाती उघडावीच लागणार, मग दोन्ही एकदमच करू."

"आमच्याकडं पोट दुखलं का लेकराचं पोट डागत. तुमी काळीज डागता," असं म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. डॉक्टर बराच वेळ बोलत राहिले. मी मात्र 'जिवाला धोका' या शब्दांवरच अडकले होते.

ऑपरेशनला पाच तास लागले. दार उघडलं की मी उठून उभी राही. अखेर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सगळं नीट झालं."

घरी आल्यावर सहाव्या आठवड्यात, मेथी निवडता निवडता ताईंनी छातीवर हात ठेवला. नाडी पुन्हा सैरावैरा धावत होती. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही बुलढाण्याकडे निघालो. राजूर घाटात मला रडू आवरेना.

"काऊन रडून राह्यली वं?"

"ताई, ऑपरेशन वाया गेलं."

"वाया कायले? डॉक्टरनं सांगतलं होतं, तीन महिने असं होऊ शकते. जखम भरून राह्यली आतून. तू तं तिथंच होती!"

"होते. पण भीतीनं काही ऐकूच आलं नाही."

"मंग आता आयक." आणि घाटाच्या वळणावळणांवर, धापा टाकत, माझा हात धरून त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावलं.

बुलढाण्यात औषधानं ठोका ताळ्यावर आला. चौथ्या महिन्यापासून तो नीट आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र नव्या झडपेमुळे कायमची. निवृत्त होऊन त्या आता वडनेर भोलजीला भावाकडे राहतात.

परवा तीनदा फोन केला, उचलला नाही. चौथ्यांदा आवाज आला, "जित्ती हाय वं मी. भाकर टाकून राह्यली होती."